चालती वेबसाइट विकत घ्यावी का?

प्रश्न : कापूस-सोयाबीनच्या बाजारभावांची एक मराठी वेबसाइट 4 लाखांना विकायला आहे. महिन्याला 15 हजार मिळतात, असं विक्रेता म्हणतो. घेऊ का? – एक वाचक, पुसद

उत्तर : 4 लाख म्हणजे साधारण सव्वादोन वर्षांची कमाई. वेबसाइट विकणाऱ्या फ्लिपासारख्या ऑनलाइन बाजारांत असे भाव लागतात, तेव्हा आकडा अवाजवी नाही. पण ते 15 हजार कोणत्या महिन्याचे? कापसाचा भाव लोक नोव्हेंबर ते फेब्रुवारी शोधतात. जूनमध्ये शुकशुकाट असतो. स्क्रीनशॉटवर विसंबू नका, तो कुणीही बनवतो. बारा महिन्यांचं गूगल अ‍ॅनालिटिक्स आणि सर्च कन्सोल स्वतः उघडून बघा. बैल घेताना दात मोजताच ना!

गूगलच्या जाहिरातींचं अ‍ॅडसेन्स खातं विकता येत नाही. तुमच्याच खात्यावर त्या साइटला मंजुरी लागेल. आणि रोज सकाळी बाजार समितीतून भाव कोण मिळवतं, ते विचारा. ते काम विक्रेता स्वतः करत असेल, तर तुम्ही धंदा नाही, नोकरी विकत घेताय.

पैसे एस्क्रोमार्फतच (दोघांच्या मधल्या तटस्थ खात्यातून) द्या. डोमेन तुमच्या नावावर चढेपर्यंत एक रुपयाही थेट पाठवू नका.