ऊद सुगंधी कशामुळे होतो, आणि त्याचा धूर किती घ्यावा?

स्तोत्र ४५ आणि शीर हाशिरीम यांत बोळाबरोबर ‘अहालोत’ हे सुगंधी द्रव्य येते. अनेक अभ्यासकांच्या मते ते म्हणजे आपले अगर, अर्थात ऊद. अगरबत्तीला नावही त्याचेच. मी सिंगापूरला राहतो. अगराचा एक वृक्ष इथल्या मातीतलाच आहे. मलय लोक त्याला गाहारू म्हणतात.

गंमत अशी की निरोगी अगराचे लाकूड फिकट, हलके आणि जवळजवळ वासहीन असते. कीड लागली, फांदी मोडली किंवा घाव बसला की फ्युजेरियमसारखी बुरशी आत शिरते. झाडाला पळून जाता येत नाही. म्हणून त्याच्या जिवंत पेशी जखमेभोवती राळ तयार करतात. वर्षानुवर्षे राळ मुरून लाकूड काळपट, जड व सुगंधी होते.

साखर, प्रथिने ही झाडाच्या वाढीची द्रव्ये. राळेसारखी बचावाची द्रव्ये त्यांहून वेगळी. त्यांना दुय्यम द्रव्ये म्हणतात. म्हणूनच मळ्यांत खोडाला भोके पाडून मुद्दाम बुरशी सोडतात. सुगंधी लाकडासाठी जंगलांत इतकी तोड झाली, की १९९५ पासून या वृक्षाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे.

आता प्रकृतीचे. सुगंध चांगला म्हणून धूर निरुपद्रवी ठरत नाही. कुठल्याही जळणाऱ्या लाकडाप्रमाणे त्यात बारीक कण असतात. सिंगापुरात ४५ ते ७४ वयाच्या ६१ हजारांहून अधिक चिनी वंशाच्या लोकांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. घरात दीर्घकाळ उदबत्ती जाळणाऱ्यांत श्वसनमार्गाच्या काही कर्करोगांचे प्रमाण जास्त आढळले.

म्हणून ज्येष्ठ बंधुभगिनींनो, एवढे सांभाळा:

१. धूप घालायचाच तर खिडक्या उघडून, थोडा वेळ. झोपायच्या खोलीत नको.

२. दमा, जुना खोकला किंवा हृदयविकार असेल तर धूर टाळा. हबदालाला मसाल्याचा नुसता वास घेतो, तसा न जाळता सुगंध घ्यावा.

३. अगराचा चहा किंवा गोळ्या कोणी दिल्या तर आधी डॉक्टरांना दाखवा. चालू औषधे त्यासाठी बंद करू नका.

राळ ही झाडाने स्वतःसाठी केलेली तजवीज आहे. आपल्या छातीची काळजी आपणच घ्यायची.