ज्या तेलाला दिवा नाही

इंजिन ऑइलचा दाब पडला की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. ब्रेकचं तेल उतरलं की लागतो, डिझेल संपत आलं तरी लागतो. गिअरबॉक्स आणि मागच्या हौसिंगमधलं डिफरेन्शियल यांच्या तेलाला मात्र आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ना दिवा असतो, ना मोजायची दांडी. तेल गळून निम्मं झालं, त्यात पाणी शिरलं, तरी गाडी बिनबोभाट पळत राहते. मग कधीतरी आवाज यायला लागतो, आणि तोवर नुसतं तेल बदलून भागेल अशी वेळ निघून गेलेली असते.

आमच्या घरी बोलेरो आहे. बीड जिल्ह्यात यात नवल काही नाही. मुकादमापासून वऱ्हाडापर्यंत सगळ्यांचं ओझं याच गाडीवर. २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणा आणि मांजरा दोन्ही नद्या पात्र सोडून वाहिल्या. एरवी टँकरसाठी बातम्यांत येणारा आमचा जिल्हा त्या महिन्यात पुरासाठी आला. ओढ्यांवरचे फरशी पूल पाण्याखाली होते. पुतण्याला एका आजारी नातेवाइकाला घेऊन अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात जायचं होतं. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत उतरल्यावर त्यानं गाडी घातली आणि पलीकडे काढली. वाहत्या पाण्यात गाडी घालू नये, हे त्याला घरात सगळ्यांनी नंतर ऐकवलंच. पण माणूस वेळेत पोचला, गाडी धुतली गेली आणि विषय मिटला.

थंडीत मांजरसुंब्याचा घाट उतरताना मागून सूर यायला लागला. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की 'हूंऽऽ', पाय दिला की जरा कमी. आधी वाटलं टायरचा असेल. केज ओलांडेपर्यंत खात्री झाली की हा आवाज रस्त्याचा नाही.

मिस्त्रीनं हौसिंगचं खालचं बूच काढलं आणि घमेल्यात जे पडलं ते तेल म्हणायच्या लायकीचं नव्हतं. दुधाळ, करडट, वर फेस. बुचाच्या लोहचुंबकाला चिकटलेलं बोटांनी चोळून तो म्हणाला, "सर, आत पाणी गेलंय. तेल टाकतो मी, पण दातं खाल्लेत. आवाज काय जायचा नाही." गेला नाहीच. डिफरेन्शियलमधले क्राऊन आणि पिनियन हे दोन गिअर जोडीनंच घासून जुळवलेले असतात, एक खराब झालं तरी दोन्ही बदलावे लागतात. बेअरिंगं आणि सील त्यासोबत. ज्या तेलाचा खर्च एका वेळच्या डिझेलपेक्षाही कमी होता, त्यापायी हा भुर्दंड.

पाणी आत शिरलं कसं, हे समजून घेतल्याशिवाय पुढच्या गोष्टी नीट पटणार नाहीत. हौसिंगच्या वर एक छोटी टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. गाडी पळते, तेल तापतं, आतली हवा फुगते, ती या टोपीतून बाहेर पडते. गाडी थंड झाली की हवा परत आत येते. तापलेलं हौसिंग अचानक गार पाण्यात बुडालं तर आतली हवा एकदम आकसते आणि मिळेल त्या वाटेनं पाणी ओढून घेते: ब्रीदरमधून, नाहीतर सीलच्या ओठातून. आमच्या काळ्या मातीचा चिखल टोपीवर वाळून बसला की उलटा त्रास. हवेला वाटच राहत नाही, आतला दाब सीलवर येतो आणि तेल मागच्या ड्रममध्ये उतरून ब्रेक लायनर भिजवतं. ब्रेक लागेनात म्हणून लायनर बदलत बसणारे मी पाहिलेत. कोणी टोपी फिरवून बघत नाही. वॉशिंग सेंटरवर लांबून आलेल्या गरम गाडीखाली प्रेशरचा पाइप मारतात, तेव्हाही पाणी आत ओढलं जायचा धोका असतोच. अर्धा तास गाडी उभी राहू द्या, मग धुवा.

त्यानंतर हे काम मी घरी करायला शिकलो. पैसे वाचतात, पण फार नाही. गॅरेजवर तेल बदलून मिळतं, निघालेलं तेल मात्र आपल्याला दिसत नाही. ते आपण चहा पिऊन येईस्तोवर ड्रममध्ये गेलेलं असतं. आणि गाडीच्या पोटात काय चाललंय याचा पुरावा तर तेवढाच.

तुमच्या गाडीला वेगळं डिफरेन्शियल आहे का, हे आधी बघा. स्विफ्ट, वॅगनआर, आय-ट्वेंटी अशा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल एकाच पेटीत असतात आणि दोन्हीला एकच तेल. मागे हौसिंग शोधत बसू नका. अशा गाड्यांत एक जुना घोळ होतो: इंजिनचं समजून गिअरबॉक्सचं बूच उघडतात, ते तेल सोडतात आणि वरून इंजिनात नवं ओततात. गिअरबॉक्स कोरडा, इंजिन दुप्पट भरलेलं. खाली शिरण्यापूर्वी मॅन्युअलमधलं चित्र बघून बुचावर खडूनं खूण करा. बोलेरो, स्कॉर्पिओ, पिकअप यांना गिअरबॉक्स वेगळा, मागचं हौसिंग वेगळं. फोर बाय फोर थार असेल तर पुढचं डिफरेन्शियल आणि ट्रान्सफर केस हे आणखी दोन.

आता तेल. दुकानात जाऊन 'नव्वद नंबर द्या' म्हणायची आपली सवय. ८०डब्ल्यू-९० हे नुसतं दाटपणाचं माप आहे, आणि तेही गिअर ऑइलच्या वेगळ्या मापपट्टीवरचं. ९० नंबरचं गिअर ऑइल साधारण ४० किंवा ५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच दाट असतं. काम कोणतं करायचं ते सांगणारा शिक्का दुसरा: जीएल-४ की जीएल-५. मागच्या क्राऊनमध्ये पिनियन मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो, त्याला हायपॉइड म्हणतात. दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, प्रचंड दाबाखाली घसरतात. साधं तेल तिथं पिळून बाहेर फेकलं जातं आणि लोखंडावर लोखंड येतं. म्हणून जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात. डबा उघडल्यावर येणारा तो उग्र वास त्यांचाच. हेच तेल गिअरबॉक्समध्ये घातलं तर मात्र पंचाईत. गिअर टाकताना वेग जुळवून घेणाऱ्या पितळी सिंक्रो कड्यांना थोडं घर्षण लागतं. जास्त निसरडं तेल मिळालं की गिअर करकरतो, पडता पडत नाही, आणि काही तेलांतली द्रव्यं तापल्यावर पितळ खातातही. त्यामुळे कित्येक गिअरबॉक्सना जीएल-४ सांगितलेलं असतं. दोन्हीकडे चालेल असं लिहिलेलीही तेलं मिळतात, तरी निर्णय डब्यावरून घेऊ नका, गाडीच्या मॅन्युअलवरून घ्या. बोलेरो निओच्या वरच्या मॉडेलसारख्या गाड्यांत लॉक होणारं डिफरेन्शियल असतं, तिथं तर कंपनीनं सांगितलेलं तेलच.

शेतकऱ्यांच्या घरात एक मोह असतो. ट्रॅक्टरचं तेल बदललं, डब्यात तीन-चार लिटर उरलं, तेच जीपच्या हौसिंगमध्ये ओतायचं. ट्रॅक्टरमध्ये पुष्कळदा गिअर, हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक यांना मिळून एकच तेल असतं. हायपॉइडच्या दाबाला ते पुरत नाही. उरलं तर ट्रॅक्टरसाठीच ठेवा.

कामाला हात घालाल तेव्हा एक नियम कधीही मोडू नका: तेल भरायचं बूच आधी उघडायचं, सोडायचं नंतर. वरचं बूच वर्षानुवर्षं कोणी हलवलेलं नसतं. गंजतं, त्यात चिखल बसतो, आधी कोणी पाइप पाना मारून त्याचे कोपरे गोल केलेले असतात. तेल सोडून झाल्यावर वरचं निघालं नाही तर गाडी कोरडी, आणि गॅरेजपर्यंत न्यायचीही सोय नाही. वरचं आधी निघालं नाही तर काहीच बिघडत नाही. खालचं बूच जसंच्या तसं ठेवून गाडी मिस्त्रीकडे घेऊन जा. बूच सोडवायला बरोबर बसणारी सहाकोनी गोटी किंवा चौकोनी खाचेला चौकोनी तुकडाच घ्या. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं तर निम्मं काम तेच करतं.

बोलेरो, पिकअपची जमिनीपासून उंची बरी असते. सडपातळ माणूस जॅक न लावताही हात घालू शकतो, आणि तेच उत्तम. जॅक लावायचाच झाला तर नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका. लोखंडी घोडी किंवा रुंद जाड लाकडी ठोकळे लावा. विटा नकोत, त्या सांगून फुटत नाहीत. इथं डिफरेन्शियलचंच एक वागणं घात करतं. बैलगाडीची दोन्ही चाकं कण्यावर आपापली फिरतात, म्हणून वळणावर तिला अडचण नाही. मोटारीत एकच इंजिन दोन्ही चाकांना फिरवतं, तरी त्यांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी युक्ती १८२७ मध्ये पेक्यूर या फ्रेंच घड्याळजीनं वाफेच्या गाडीसाठी बसवली. याच युक्तीमुळे एक मागचं चाक उचललं की गिअरमध्ये ठेवलेली गाडीही जागेवर राहत नाही. उचललेलं चाक मोकळं फिरतं आणि टेकलेलं घरंगळतं. दोन्ही मागची चाकं उचलली तर हँडब्रेकही निकामी, कारण तो मागच्याच चाकांना असतो. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी मोठे दगड हवेतच.

दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा, म्हणजे तेल पातळ होईल आणि तळाचा गाळ त्यासोबत येईल. चटका बसेल इतकं गरम नको. खाली ताडपत्री, तिच्यावर धुऊन पुसलेलं घमेलं. घमेल्यात आधीची वाळू असेल तर तेलातलं काय आणि घमेल्यातलं काय, कळणार नाही.

मग बघत बसा, घाई करू नका. तेल काळपट पण सारखं असेल तर ठीक. दुधाळ असेल तर पाणी. तेव्हा नवं तेल भरा, शंभरेक किलोमीटर चालवा आणि तेही काढून परत भरा, कारण एका फेरीत सगळं पाणी निघत नाही. आणि पाण्याची वाट शोधा, ब्रीदरपासून सुरुवात करून. जळका वास म्हणजे तेल कमी पडून तापलं असावं. बुचाच्या चुंबकावर मलमासारखा बारीक करडा लेप असतो, ती लोखंडाची नेहमीची झीज, तिला घाबरू नका. बोटांत चोळल्यावर टोचणारे कण, चकत्या, दाताचा तुकडा निघाला तर तो कागदात बांधून मिस्त्रीला दाखवा. गिअरबॉक्सच्या तेलात पिवळी चमक दिसली तर सिंक्रो कड्या झिजताहेत.

बूच परत लावताना तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर असेल तर तो नवा घाला. जुना एकदा चेपला की चेपलाच. गिअरबॉक्सची पेटी ॲल्युमिनियमची असेल तर पान्याला पाइप लावून आवळू नका, आटे जातात आणि मग लेथवाल्याचे पाय धरावे लागतात.

भरायचं भोक हौसिंगच्या कुशीत असतं, वरून ओतता येत नाही. हातपंप मिळतो. माझ्याकडे गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी आहे, नवी घेतलेली. एक टोक भोकात, दुसऱ्यात नरसाळं, ते दोरीनं वर बांधलेलं. थंडीच्या सकाळी तेल नळीत अडून बसतं, म्हणून डबा तासभर उन्हात ठेवायचा, आमच्याकडे तेवढं भांडवल मुबलक आहे. ठिबकची जुनी नळी वापरू नका, तिच्यात खताचे क्षार असतात. भोकाच्या काठाशी तेल येऊन थेंब गळू लागला की भरलं. पण हे माप गाडी सपाटीवर उभी असेल तरच खरं. पुढून उचललेल्या गाडीत तेल मागे सरतं आणि काठाशी आलेलं दिसतं ते फसवं असतं. जास्त भरलं तरी त्रासच, ते सीलमधून वाट काढतं. बहुतेक गाड्यांच्या हौसिंगमध्ये दीड ते अडीच लिटर मावतं. मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा फारच कमी बसलं तर एक तर जुनं निघालेलं नाही, नाहीतर गाडी तिरकी आहे.

किती किलोमीटरला बदलायचं ते मॅन्युअल सांगतं. पाण्यातून गाडी गेली असेल तर तो आकडा विसरायचा आणि त्याच आठवड्यात बूच उघडायचं.

ऑटोमॅटिक गाडीला घरी हात लावू नका. सीव्हीटीचं तेल वेगळं, साध्या ऑटोमॅटिकचं वेगळं, आणि पुष्कळांची पातळी इंजिन चालू ठेवून ठरावीक तापमानालाच बघावी लागते. एएमटीत आतला गिअरबॉक्स साधाच असतो, पण क्लच-गिअर हलवणाऱ्या यंत्रणेचं तेल निराळं आणि ते काम कंपनीच्या माणसाचं. वॉरंटीतल्या गाडीचंही घरी न करता कंपनीच्या सेंटरवर बिलासह करून घ्या.

राहिलं काढलेलं तेल. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. आपल्याकडे ते वाळवीसाठी दाराच्या चौकटीला फासतात, बांधावर ओततात, बैलाच्या खांद्याच्या जखमेलाही लावतात. त्यात धातूचा चुरा आणि गंधकाची द्रव्यं आहेत; जनावर ते चाटतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, कॅनवर 'जुनं तेल' असं ठळक लिहा आणि ज्या गॅरेजमधून वापरलेलं तेल गोळा करणारे परवानाधारक नेतात तिथल्या ड्रममध्ये नेऊन द्या. नव्या तेलाचा रिकामा डबा मात्र भोक पाडूनच टाका, नाहीतर तोच डबा भेसळीचं तेल भरून पुन्हा दुकानात येतो.

रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा सरकवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, तो बघा. डाग पडला असेल तर बूच थोडं आवळा. तरीही पडला तर वायसर काढून बघा, खालच्या कडेला मातीचा कण अडकलेला असतो.