टपावरच्या सायकली

चि. बंडू,



गाडी घेतलीस, छान केलंस. त्यातून कॉम्बी घेतलीस हे तर फारच छान. तुझ्या बाबांचा फोन आला होता, "ही मागून लांबवलेली गाडी कशाला घेतली यानं?" म्हणून. त्यांचा दोष नाही. आपल्याकडे टाटांची इस्टेट आली, मारुतीची बलेनो अल्टुरा आली, इंडिगो मरिना आली, आणि सगळ्या गेल्या. ती लांब गाडी लोकांना सामानाची वाटली, मानाची वाटली नाही. इथे जर्मनीत मात्र दोन मुलं, एक कुत्रा आणि चार सायकली असलेल्या घरापुढे हमखास हीच उभी असते.

इटलीतल्या गार्डा सरोवराला जायचंय, सायकली टपावर न्यायच्यात, तर कॅरियर कोणता घेऊ, असं तू विचारलंस. कॅरियर सगळ्यात शेवटी ठरवायचा. आधी टप बघ.

गाडीच्या पुस्तिकेत टपावर किती भार चालतो ते लिहिलेलं असतं. तुझ्या ऑक्टाव्हियाला तो ७५ किलो आहे. हे सगळे ७५ सायकलींच्या वाट्याला येत नाहीत. त्यातून दोन आडव्या बारांचे पाच-सहा किलो जातात आणि प्रत्येक कॅरियरचे चार-साडेचार. तुमच्या दोघांच्या सायकली पंधरा-पंधरा किलोच्या धरल्या तरी सगळं मिळून पंचेचाळीसच्या आसपास होतं. तिसरी साधी सायकल चढवलीस तरी पासष्टच्या आत राहशील. चौथी चढवलीस की ८४. मग ती बारावर मावते की नाही हा प्रश्नच उरत नाही.

तुझ्या मित्राची ई-बाइक मात्र टपावर घेऊ नकोस. त्याला वाईट वाटलं तर वाटू दे. टपावरचे कॅरियर साधारण सतरा ते वीस किलोच्या सायकलीसाठी बनवलेले असतात, आणि ई-बाइक बावीस-पंचवीसची असते. बॅटरी काढली तर तीनेक किलो कमी होतील, पण तेवढ्यानं काम भागत नाही. शिवाय तेवढं ओझं डोक्याच्या वर उचलायचं, तेही गाडीच्या काचेशेजारी उभं राहून, आणि संध्याकाळी दमल्यावर पुन्हा एकदा. त्याला त्याच्या गाडीला मागच्या हुकावर बसणारा कॅरियर घ्यायला सांग. नंबर प्लेट झाकली जाते म्हणून कॅरियरवर दुसरी प्लेट लावावी लागते, आणि इटलीत लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा चौकोनी फलक लागतो, तेवढं लक्षात ठेवायला सांग.

मग तू टप का निवडावास? कॉम्बीचा टप जीपसारख्या गाड्यांपेक्षा बुटका, रेल कंपनीनंच बसवलेले, आणि मागचं दार मोकळं राहतं. दर वेळी दुधाची पिशवी काढायला सायकली उतरवाव्या लागल्या तर कॉम्बी घेऊन काय मिळवलं?

आता जोडणीकडे येते. रेलला पाय, पायावर बार, बारावर कॅरियर, कॅरियरवर सायकल. रेल कारखान्यात बसलेत, त्यांची काळजी सोड. पुढचा प्रत्येक जोड तुझ्या स्वतःच्या हाताखालून गेला पाहिजे. दुकानदार बसवून देईल, फार नीट देईल, पण गार्डाकाठच्या तोर्बोलेच्या पार्किंगमध्ये एखादा पाय सैल झाला तर तिथे दुकानदार नसेल. म्हणून पहिल्या वेळी दुकानात उभा राहून बघ, घरी येऊन सगळं सोड आणि पुन्हा स्वतः बसव. मी कारखान्यात तपासणी विभागात होते. दुसऱ्यानं आवळलेल्या बोल्टवर विश्वास ठेवायची मला सवय नाही, आणि तुलाही ती लागू नये.

तुझ्या गाडीचे रेल उठावाचे आहेत, खालून बोटं आरपार जातात. हे बरंय. टपाला चिकटलेले रेल असते तर त्या मॉडेलचं वेगळं किट शोधत बसावं लागलं असतं, आणि जुन्या बाजारात नेमकं तेच मिळत नाही. पाय बसवण्यापूर्वी रेल आणि रबर ओल्या फडक्यानं पुसून घे. रबराखाली वाळूचा एक कण राहिला तरी शंभर किलोमीटरच्या थरथरीत तो रंग घासून काढतो. दोन बारांमधलं अंतर साधारण सत्तर सेंटिमीटर ठेव, नक्की किती ते कॅरियरच्या कागदावर असेल. दोन्ही बाजूंनी टेपनं मोज, डोळ्यानं ठरवू नकोस. बार किंचित तिरका असला तर कॅरियरही तिरका बसतो आणि सायकल वाऱ्याला आडवी होते. सोबत मिळणाऱ्या पान्याला कट्‌ असा आवाज येईपर्यंतच आवळायचं. त्याहून जास्त जोर लावणारे पुरुष मी पुष्कळ पाहिलेत. ॲल्युमिनियमचे आटे एकदाच माफ करतात.

बार बसले की मागचं दार पूर्ण उघडून बघ, आणि हे सायकल चढवल्यावर पुन्हा कर. कॉम्बीचं दार टपाच्या अगदी शेवटाला बिजागरीवर असतं, उघडताना त्याची वरची कड वर उचलली जाते आणि मागे आलेल्या चाकाला लागते. वर उघडणारं काचेचं छत असेल तर त्याचं बटण प्रवासभर विसरून जा. बाराच्या खाचेत रबराची पट्टी येते, ती कॅरियरच्या मधल्या जागेत कापून बसव. नाहीतर साठच्या पुढे गाडी शिट्टी वाजवायला लागते आणि इन्सब्रुकपर्यंत तुम्ही दोघं एकमेकांवर चिडलेले असाल.

आता कॅरियर. एक प्रकार सायकलच्या खालच्या तिरक्या दांडीला पंज्यानं धरतो. चाकं काढावी लागत नाहीत, एकट्यानं चढवता येते. तुझ्या ॲल्युमिनियमच्या सायकलीला हाच घे. पण तुझ्या बायकोची सायकल कार्बनची आहे. कार्बनची दांडी तिच्या ठरलेल्या दिशेनं येणारा भार घेते. बाजूनं चिमटलं तर आतले थर फुटतात, आणि वरून काहीच दिसत नाही. तिच्यासाठी एकतर पंज्याखाली बसणारं कार्बनचं खास अस्तर घे, किंवा फक्त चाकाला धरणारा कॅरियर घे, किंवा पुढचं चाक काढून चिमटा एक्सलच्या जागी अडकवणारा. मी हा तिसरा घेईन. सायकल खाली बसते, वारा कमी लागतो, हलत नाही. चाक डिकीत जातं. एक मात्र सांगते: डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्याबरोबर पॅडच्या मधे प्लास्टिकचा तुकडा सरकव. कुणी चुकून ब्रेक दाबला तर पॅड एकमेकांना चिकटून बसतात आणि सुट्टीचा पहिला दिवस ते उघडण्यात जातो.

कंपनीचं म्हणशील तर थुले घे किंवा दुसरी कुठली, पण दांडगी घे, आणि पट्टे, कुलूप, रबर सुटे मिळतील याची खात्री कर. ही थुले म्हणजे स्वीडनची कंपनी, १९४२ साली सुरू झाली ती पाइक मासे धरायच्या सापळ्यावर. पकडून ठेवण्याचा धंदा जुनाच आहे त्यांचा.

चढवण्याआधी सायकलवरचं सगळं सुटं काढ. बाटली, पंप, सीटखालची पिशवी, हँडलवरचा जीपीएस. लहान मुलांची सीटसुद्धा. आपल्याकडे एसटीच्या टपावर सुतळीनं बांधलेली सायकल कोल्हापूरपर्यंत सुखरूप जाते असं तू म्हणशील. जाते, कारण एसटी साठनं चालते. सायकलवर ताडपत्री घालून बांधू नकोस. ती शीड होते आणि सगळा भार पंज्यावर येतो. दोन सायकली शेजारी असताना हँडलं अडकतात, तेव्हा एक उलटी लाव. चाकांचे पट्टे रिमवरून घे, व्हॉल्व्हवरून किंवा डिस्कवरून नको, आणि शेपटी आत खोव.

मग सायकलची सीट धरून हलव. हँडल धरू नकोस, ते फिरणारच. सायकल हलली आणि गाडी स्थिर राहिली तर काहीतरी सैल आहे. सायकलीबरोबर अख्खी गाडी डुलली पाहिजे. वीस-तीस किलोमीटर गेल्यावर थांब आणि हेच पुन्हा कर, कारण रबर दबतं आणि सगळे बोल्ट पाव वळसा घेतात. त्यानंतर प्रत्येक थांब्यावर, कॉफीच्या आधी.

रस्त्यावर वेग शंभर-एकशेदहा ठेव. हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो. शंभरवरून एकशेतीसवर गेलास की तो १.६९ पट होतो, आणि सायकलींवरचा सगळा रोध त्या चार पायांवर येतो. म्युनिक ते तोर्बोले साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, तुझा फार तर अर्धा-पाऊण तास जाईल. पेट्रोल मात्र खरोखर वाचेल. इन्सब्रुक सोडलं की युरोपा पूल लागतो, १९६३ साली खुला झालेला, सील नदीच्या वर सुमारे १९० मीटर. तिथे दक्षिणेकडून फ्योन वारा सुटला की उंच गाडी बाजूला ढकलली जाते. ब्रेनर खिंडीच्या चढावर ट्रकांची रांग असते. ट्रकच्या आडोशातून पुढे निघताना वारा एकदम लागतो, तेव्हा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव. पाऊस लागला तर पोचल्यावर चेन पुसून तेल घाल. त्या वेगानं आलेलं पाणी बेअरिंगच्या आत शिरतं.

सगळ्यात जास्त सायकली मात्र महामार्गावर मोडत नाहीत. त्या घरी मोडतात. टपावर सायकल असताना तुझी गाडी अडीच मीटरच्या वर जाते, आणि तुमच्या इमारतीखालच्या पार्किंगचं दार दोन मीटरचं असेल. जाताना सगळे जागे असतात. परत येताना प्रवासाचा कंटाळा, मागे झोपलेली बायको, आणि हात आपोआप रिमोटकडे. म्हणून निघतानाच पार्किंगचा रिमोट डिकीत, सायकलच्या शूजमध्ये टाक. तो काढायला तुला गाडीतून उतरावं लागेल, आणि उतरलास की वर बघशील. काचेवर उंचीचा आकडा मीटरमध्ये लिहून चिकटव. हॉटेलचं पार्किंग, गाडीतूनच खायचं घ्यायची खिडकी, फेरीबोटीचा खालचा मजला, सगळीकडे तो लागतो. सायकली नसतील तेव्हा बारसुद्धा काढून ठेव. वर्षभर रिकामे बार मिरवणाऱ्यांचं पेट्रोल उगाच जातं.

रात्री सायकली टपावर ठेवू नका. कुलूप असलं तरी ते सज्जन माणसापुरतंच असतं. हॉटेलात आत घेतात का ते आरक्षण करतानाच विचार. गार्डाकाठी बहुतेक ठिकाणी सायकलींची खोली असते.

आता मला एवढं कळव: तुझ्या बायकोच्या सायकलीचा पुढचा एक्सल ९ मिलिमीटरचा जुना क्विक रिलीज आहे की १२ किंवा १५चा आरपार जाणारा? त्यावर चिमट्याच्या कॅरियरचा ॲडॅप्टर ठरतो. आणि रेलची जाडीही मोजून पाठव. जुन्या बाजारातून कॅरियर घेतलास तर पट्टे त्यातले वापरू नकोस, उन्हानं तडकलेले असतात. माझ्याकडे नवे दोन पडलेत, सोमवारी पोस्टात टाकते.

तुझी,
आत्या