दुहेरी ठशांची नाणी

धान्याच्या पेढीवर जन्म काढलेल्या माणसास जुने बारदान ओळखण्यास चष्मा लागत नाही. एकदा वापरलेल्या पोत्यावर दुसऱ्या गिरणीचा शिक्का मारला, तरी खालचा शिक्का पुसट का होईना, दिसतच असतो. आणि त्यावरून ते पोते प्रथम कोणाचे व मागाहून कोणाचे, हे आमचा हमालही सांगू शकतो. इतिहासाच्या पंडितांनी दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजांचा क्रम लावताना हाच साधा युक्तिवाद वापरलेला आहे. ही गोष्ट मला वयाच्या तिशीच्या आत कळली. परंतु कळली ती एक नाणे स्वतःच्या हाताने नासून टाकल्यानंतर. त्याची हकीकत पुढे येईलच.

प्राचीन काळी नवा राजा गादीवर आला, किंवा एकाने दुसऱ्याचा मुलूख जिंकला, म्हणजे जुनी नाणी परत घेऊन ती आटवावयाची व नव्याने पाडावयाची, ही एक रीत. पण आटणीत घट येते, कोळसा जळतो, कारागिरांची मजुरी पडते, आणि वेळही जातो. त्यापेक्षा जुनेच नाणे तापवून त्यावर नवा ठसा ठोकला, तर काम स्वस्तात व लवकर होते. शिवाय पराभूत राजाच्या मुखावर आपले चिन्ह उमटलेले प्रजेच्या हातोहाती फिरते, हा लाभ निराळाच. अशा नाण्यावर ठोक सारखा न बसल्यास जुन्या ठशाचा काही भाग, विशेषतः कडेचा, शिल्लक राहतो. हा शिल्लक राहिलेला भाग म्हणजेच अभ्यासकाचे भांडवल होय.

याचे सर्वांत मोठे उदाहरण नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी या गावचे. तेथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक ठेवा सापडला. नाण्यांची संख्या सुमारे १३,२५०! एकेक नाणे तोळ्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढे. मूळ नाणी सर्व क्षहरात क्षत्रप नहपान याची. एका बाजूस राजाचा मुखवटा व कडेने ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र, आणि लेख ब्राह्मी व खरोष्ठी अशा दोन लिप्यांत. या नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा मारलेला आहे. एका अंगास तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या अंगास उज्जयिनी चिन्ह. रेव्हरंड स्कॉट यांनी या ठेव्याचा तपशील १९०८ च्या सुमारास प्रसिद्ध केला. नहपानाच्या मुखवट्यांत इतका फरक आहे की, ही सर्व एकाच पुरुषाची चित्रे असावीत काय, असा प्रश्न पाहणाऱ्यास पडतो. गौतमीपुत्राने नहपानाचे राज्य घेतले, याला याहून रोकडा पुरावा कोणता हवा? राजांची स्तुती शिलालेखांत कितीही केलेली असो, नऊ हजार नाणी एका सुरात खोटे बोलत नाहीत.

नाशिकच्या पांडवलेण्यांत याच नहपानाचा जामात उषवदात याचे शिलालेख आहेत. व्यापाऱ्याने ते अवश्य वाचावेत, कारण त्यांत नाण्यांचा प्रत्यक्ष व्यवहार आढळतो. उषवदाताने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेवले. त्यांपैकी २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. उरलेले १,००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत करावयाचे नाही, फक्त व्याज भोगावयाचे, अशी स्पष्ट अट आहे. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंपैकी प्रत्येकास वस्त्रासाठी बारा कार्षापण द्यावयाचे. आता हिशोब करून पाहावा: दोन हजारांवर शेकडा एकाने महिन्यास वीस, म्हणजे वर्षास दोनशे चाळीस, आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा, म्हणजेही दोनशे चाळीसच. एक कवडी इकडची तिकडे नाही. हा व्यवहार निगमसभेत वाचून नोंदविला गेला, असेही लेखात आहे. शिवाय पस्तीस कार्षापणांस एक सुवर्ण या दराने सत्तर हजार कार्षापणांचे दोन हजार सुवर्ण होतात, असा भावही तेथे कोरलेला आहे. इतक्या जुन्या काळचा सोन्याचांदीचा दर दगडावर कोरलेला मिळणे, ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे.

आपल्या आगमसाहित्यातही या राजाची आठवण टिकून आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. आवश्यकसूत्रावरील टीकापरंपरेत भरुकच्छ म्हणजे भडोच येथील नहवाहन राजा व प्रतिष्ठानचा शालिवाहन यांची कथा येते. नहवाहन कोशाने समृद्ध, शालिवाहन सैन्याने समृद्ध. वेढे घालूनही भडोच पडेना, तेव्हा शालिवाहनाचा मंत्री रुसल्याचे सोंग करून नहवाहनाच्या पदरी राहिला, आणि देवळे, तळी, विहिरी असल्या पुण्यकार्यांत त्याने राजाचा खजिना रिता करविला. मग शालिवाहन चालून आला व नगर पडले. हा नहवाहन म्हणजेच नहपान, असे अभ्यासक मानतात. कथा ती कथा. पण कोशसमृद्ध हे विशेषण आणि जोगलटेंभीचा तो ढीग शेजारी शेजारी ठेवले, म्हणजे कथाकाराने हवेत काही लिहिले नाही, असे वाटते. (धर्मकार्यात पैसा खर्चू नये, असा अर्थ कोणी या कथेतून काढील, तर आमच्या संस्थेचे खजिनदार माझ्यावर रागावतील.)

आता आपल्या बेळगावकडे येतो. शहरालगत वडगाव-माधवपूर येथे उत्खनन होऊन सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष उघडकीस आले, हे येथील जुन्या मंडळींस ठाऊक आहे. त्याच काळात कोल्हापूरच्या बाजूस कुर नावाच्या राजांची सत्ता होती. त्यांचे बखरीत नाव नाही, पोथीत नाव नाही. ते आपणास माहीत आहेत ते त्यांच्या नाण्यांवरून. नाणी बहुतांशी शिशाची, जाड व ओबडधोबड. एका बाजूस डोंगर व झाड, दुसऱ्या बाजूस बाण लावलेले धनुष्य आणि कडेने ब्राह्मी लेख. नावे तीन: वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र सिवलकुर आणि गौतमीपुत्र विळिवायकुर. तिघांचीही ओळख आईच्या नावाने दिलेली आहे. या तिघांत आधी कोण व नंतर कोण, हे कोणत्याही ग्रंथात सांगितलेले नाही. परंतु वासिष्ठीपुत्राच्या नाण्यावर माढरीपुत्राचा ठसा मारलेला सापडतो, आणि या दोघांच्याही नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा सापडतो. क्रम आपोआप लागला! टॉलेमी नावाच्या ग्रीक भूगोलकाराने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात बलेओकुरोस नावाच्या राजाचा उल्लेख केला आहे, तो विळिवायकुरच असावा असे समजतात. कोल्हापुरास गेल्यास टाऊन हॉलमधील संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननातील वस्तू पाहाव्यात.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी जोंधळा घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याने माझ्या हातात शिशाची एक चकती ठेवली. नांगरताना सापडली, म्हणाला. मला जुन्या नाण्यांचा नुकताच छंद लागला होता, व ज्ञान शून्य होते. चकतीवर राखाडी पुटे चढलेली. मी ती चिंचेच्या कोळात भिजत टाकली, विटेच्या पुडीने मनसोक्त घासली, आणि चकचकीत झाल्यावर एका महाविद्यालयातील इतिहासाच्या प्राध्यापकांकडे मोठ्या ऐटीने घेऊन गेलो. त्यांनी भिंगाखाली धरून ती बराच वेळ फिरविली. धनुष्य दिसत होते. त्याच्याखाली तिरपे असे दुसरे एक धनुष्य, अर्धेच. म्हणजे हे दुहेरी ठशाचे नाणे होते! परंतु कडेची अक्षरे, जेथे वरचे आणि खालचे नाव असावयास हवे, तेथे आरशासारखी सपाट शिसे होते. त्यांनी विचारले, “कोणत्या शेतात सापडले?” तेही मी विचारून ठेवले नव्हते. पुढच्या सुगीस तो शेतकरी आला नाही; चौकशी करता तो वारल्याचे कळले. त्या नाण्यावर कोणी कोणाचे नाव पुसले, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. राजाने मारलेला ठसा खालचे नाव पुरते पुसू शकला नव्हता. ते काम मी केले.

त्यानंतर मी ब्राह्मी शिकलो. वडिलांच्या वह्यांमुळे मोडी येत होतीच. ब्राह्मीची अक्षरे त्या मानाने सरळ आहेत, रोज दुकान बंद झाल्यावर अर्धा तास दिला तर दोन महिन्यांत हाती लागतात. बंधुजनांपैकी कोणास हा नाद लावून घ्यावयाचा असेल, तर त्याने प्रथम एकच राजवंश धरावा व त्याचीच नाणी संग्रहालयांत जाऊन पाहावीत. नाशिकजवळ अंजनेरी येथे तर नाणेशास्त्राची स्वतंत्र संशोधन संस्थाच आहे. खरेदीची घाई करू नये. ओतीव बनावट नाण्याच्या कडेवर सांध्याची बारीक रेघ बहुधा सापडते, व वजन दगा देते. तराजू आपल्या घरचाच असल्याने आपण या बाबतीत इतरांहून पुढे आहोत. नाणे घासू नये, हे आता निराळे सांगावयास नको. शिशाची नाणी लाकडी खणात ठेवू नयेत. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसे पांढरे पडते व त्याची भुकटी होते. प्रत्येक नाण्यासोबत गाव, शेत, तारीख व देणाऱ्याचे नाव यांची चिठ्ठी ठेवावी. जमिनीत ठेवा सापडल्यास तो सरकारास कळविणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी पाठविण्यास १९७२ च्या कायद्याने खाजगी व्यक्तीस मनाई आहे.

संग्राहकांच्या एका समजुतीशी मात्र माझे जुळत नाही. मोगली किंवा कंपनीच्या रुपयावर सराफांनी पारखताना मारलेल्या बारीक खुणा असल्या, की ते नाण्याची किंमत पाडतात. मला तोच रुपया अधिक आवडतो. चांदी खरी की हिणकस, हे पाहून कोणा सराफाने आपल्या जबाबदारीवर मारलेली ती खूण आहे. तोही ठशावरचा ठसाच. ही पारख आपल्या समाजात जुनी आहे. खिलजी सुलतानांच्या काळी दिल्लीत असलेल्या ठक्कुर फेरू या श्रावकाने १३१८ साली द्रव्यपरीक्षा हा ग्रंथ रचून गुजरात, माळवा आदी निरनिराळ्या प्रांतांच्या नाण्यांचे वजन, कस व भाव नोंदवून ठेवले. राजाच्या मोठेपणाशी त्याला कर्तव्य नव्हते. नाण्यात चांदी किती, एवढेच तो सांगतो.

माझी ती शिशाची चकती अजून माझ्यापाशी आहे. पाकिटावर तारीख आहे, वजन आहे. ठिकाणाच्या जागी रेघ ओढली आहे. ज्या सभासदांच्या घरी देव्हाऱ्यात, तिजोरीत वा जुन्या गल्ल्यात अशी नाणी पडून असतील, त्यांनी ती आहेत तशीच, धूळ न पुसता, वार्षिक सभेच्या दिवशी आणावीत. भिंग व तराजू मी घेऊन येईन.