पन्नास मिलिसेकंद खरंच पन्नास असतात का?

मायक्रोकंट्रोलरच्या प्रॅक्टिकलला तो प्रोग्रॅम आपण सगळ्यांनीच केलाय. ८०५१ चा टायमर झिरो, मोड वन, दर ५० मिलिसेकंदांनी इंटरप्ट, वीस इंटरप्ट मोजले की एक सेकंद. एलईडी लुकलुकला की जर्नलवर सही! व्हायव्हाला हमखास विचारतात, "रिलोड व्हॅल्यू किती?" आपण १५५३६ म्हणतो आणि सुटतो. पण हाच प्रोग्रॅम घड्याळ म्हणून चालवला तर दिवसाला किती सेकंद मागे पडेल, हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. (मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे इंटरप्टला इंटरप्टच म्हणणार. मराठी विभागाच्या संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

आधी घड्याळ चुकतं म्हणजे काय होतं ते बघू. आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. १ जानेवारी १९०६ पासून देशात भारतीय प्रमाणवेळ आली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. पण मुंबईने आपला 'बॉम्बे टाइम' सोडला नाही. तो ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. हे प्रकरण थेट १९५५ पर्यंत चाललं. गंमत म्हणजे यात घड्याळ बिघडलेलं नव्हतंच. आजही ३९, उद्याही ३९. फरक कायम असेल तर तो एकदा मिळवला की काम झालं. याला ऑफसेट म्हणतात आणि तो सगळ्यात गरीब शत्रू. दुसरा जिटर: एक टिक थोडी लवकर, पुढची थोडी उशिरा, पण सरासरी बरोबर. तिसरा ड्रिफ्ट: चूक रोज एकाच दिशेने, रोज थोडी थोडी. खरा घात हाच करतो, कारण पहिल्या पाच मिनिटांत तो दिसतच नाही आणि डेमो पाच मिनिटांचाच असतो.

आता आपला ५० मिलिसेकंदांचा प्रोग्रॅम. क्रिस्टल १२ मेगाहर्ट्झ, बारा क्लॉकचं एक मशीन सायकल, म्हणजे टायमर दर मायक्रोसेकंदाला एकने वाढतो. ६५५३६ ला ओव्हरफ्लो. ५०००० मोजायचे म्हणून १५५३६ पासून सुरुवात. हिशोब अगदी चोख. पण मोड वनमध्ये टायमर स्वतःहून रिलोड होत नाही, ते काम आपली इंटरप्ट सर्व्हिस रुटीन करते. ओव्हरफ्लो झाल्यावर प्रोसेसर हातातली इन्स्ट्रक्शन संपवतो, पत्ता स्टॅकवर ठेवतो, व्हेक्टरवर जातो, तिथून जंप, मग एक-दोन पुश, आणि मग कुठे रिलोडची ओळ येते. नुसत्या व्हेक्टरपर्यंत पोचायलाच साधारण ३ ते ९ मशीन सायकल लागतात. एकूण १२ धरू. या १२ मायक्रोसेकंदांत टायमर थांबलेला नसतो, तो शून्यापासून १२ पर्यंत पोचलेला असतो. आपण त्यावर १५५३६ लिहितो आणि ते १२ पुसून टाकतो.

सेकंदाला २० वेळा १२, म्हणजे २४० मायक्रोसेकंद गायब. दिवसाचे ८६४०० सेकंद, म्हणजे रोज जवळजवळ २१ सेकंद. महिन्याला दहा मिनिटांच्या वर! आणि चूक नेहमी एकाच बाजूला, घड्याळ मागेच पडणार. टायमरचं रेझोल्युशन एक मायक्रोसेकंद आहे म्हणून घड्याळही तेवढं अचूक, ही समजूत इथे कोसळते. पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा आहेत म्हणून ती पट्टी बरोबर लांबीची आहे असं थोडंच असतं?

उपाय सोपा आहे. रिलोड करताना लिहू नका, मिळवा. टायमर क्षणभर थांबवायचा, त्यात आत्ता जे काही आहे त्यात १५५३६ मिळवायचे, थांबवण्यात गेलेली ठरलेली सायकल्सही त्यात घालायची आणि पुन्हा सोडायचा. इंटरप्टला कितीही उशीर झाला तरी तो हिशोबात येतो. त्याहून सोपं म्हणजे हार्डवेअरला रिलोड करू देणं. मोड टूमध्ये ऑटो रिलोड आहे, पण आठ बिटांचाच: ६ पासून सुरू केला की २५० मायक्रोसेकंदांनी टिक. ८०५२ च्या टायमर टूमध्ये सोळा बिटांचा ऑटो रिलोड मिळतो. एव्हीआरमध्ये सीटीसी मोड आहे: १६ मेगाहर्ट्झ, प्रीस्केलर ६४, २५० काउंट, झाला एक मिलिसेकंद. मग सर्व्हिस रुटीन थोडी उशिरा आली तरी जिटर येतो, ड्रिफ्ट नाही. फक्त पुढची टिक यायच्या आत ती संपली पाहिजे.

अरडुइनोवाल्यांसाठी एक चिमटा. उनोवरचं मिलिस हे फंक्शन आत १.०२४ मिलिसेकंदांची टिक मोजतं आणि उरलेला अपूर्णांक साठवून अधूनमधून एकदम दोनची उडी मारतं. म्हणजे सरासरी बरोबर, एकेक आकडा नाही. मायक्रोसचं रेझोल्युशनही तिथे ४ मायक्रोसेकंदांचं आहे.

एका हार्डवेअर टायमरवर दहा कामं चालवायची झाली की सॉफ्टवेअर टायमर येतात. इथे तीन जागा नेहमी फसवतात. पहिली: दर सेकंदाचं काम लावताना 'पुढची वेळ = आत्ताची वेळ + १०००' असं लिहिलं जातं. काम सुरू व्हायला ३ मिलिसेकंद उशीर झाला की ते ३ कायमचे चिकटले. 'पुढची वेळ = ठरलेली वेळ + १०००' असं लिहिलं की उशीर त्या फेरीपुरताच राहतो. एका शब्दाचा फरक आहे, पण तो शब्द रात्रभरात दिसतो.

दुसरी जागा रोलओव्हरची. ३२ बिटांत मिलिसेकंद मोजले तर ४९ दिवस १७ तासांनी काउंटर शून्यावर येतो. विंडोज ९५ आणि ९८ नेमके ४९.७ दिवसांनी हँग व्हायचे ते यामुळेच. म्हणून 'आत्ता, डेडलाइनपेक्षा मोठा का?' असं विचारायचं नाही. 'आत्ता वजा सुरुवात' अनसाइन्डमध्ये काढायचं आणि ते इंटरव्हलएवढं झालं का बघायचं. घड्याळात ११ ला झोपलात आणि २ ला उठलात तर झोप तीन तासांचीच होते, उणे नऊ तासांची नाही. तसंच हे.

तिसरी सगळ्यात छुपी. ८०५१ चा सोळा बिटांचा टायमर दोन बाईटमध्ये असतो आणि आपण ते एकापाठोपाठ एक वाचतो. समजा हाय बाईट ५ आणि लो बाईट २५५ आहे. तुम्ही हाय वाचला, ५. तेवढ्यात काउंट पुढे सरकला: हाय ६, लो ०. तुम्ही लो वाचला, ०. तुमच्या मते वेळ १२८०, खरी १५३६. तब्बल २५६ मायक्रोसेकंद मागे, आणि तेही कधीतरीच. असा बग प्रोजेक्टच्या आदल्या रात्री सापडत नाही, प्रेझेंटेशनच्या मध्ये सापडतो. म्हणून हाय, लो आणि पुन्हा हाय वाचायचं. दोन्ही हाय जुळले नाहीत तर परत वाचायचं. ओव्हरफ्लोचा काउंट सॉफ्टवेअरमध्ये ठेवला असेल तर तिथेही हीच युक्ती.

कोड बरोबर झाला की उरतो क्रिस्टल. लॅबमधल्या बऱ्याच किटवर ११.०५९२ मेगाहर्ट्झचा असतो, कारण त्यातून ९६०० चा बॉड रेट नेमका निघतो. त्यावर १२ मेगाहर्ट्झसाठी लिहिलेला पुस्तकातला प्रोग्रॅम टाकला तर तुमचा एक तास ३९०६ सेकंदांचा होतो. त्या किटवर ४६०८० काउंट हवेत, रिलोड १९४५६. मूळ उनो आर-३ च्या मुख्य चिपला तर क्रिस्टलही नाही, सिरॅमिक रेझोनेटर आहे. अर्धा टक्का चूक म्हणजे दिवसाला ४३२ सेकंद. चांगल्या क्रिस्टलचे २० पीपीएम म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. घड्याळाचा ३२.७६८ किलोहर्ट्झवाला क्रिस्टल २५ अंशांना खूश असतो, त्याच्या वर किंवा खाली गेलं की मंदावतो: तापमानातल्या फरकाचा वर्ग गुणिले साधारण ०.०३४ पीपीएम. आपल्याकडे मे महिन्यात बंद डब्यात ४५ अंश सहज होतात. वीसचा वर्ग ४००, म्हणजे १३.६ पीपीएम, रोज सव्वा सेकंदाच्या आसपास. तापमान सांभाळणारी डीएस३२३१ चिप ० ते ४० अंशांत २ पीपीएमच्या आत राहते, म्हणजे वर्षाला मिनिटभर.

"एवढं कशाला? एलईडीच तर लुकलुकवायचाय!" असं वाटणाऱ्यांनी हे वाचा. २५ फेब्रुवारी १९९१, सौदी अरेबियातलं धहरान. पेट्रियट क्षेपणास्त्राचा कॉम्प्युटर वेळ ०.१ सेकंदाच्या टिकमध्ये मोजत होता. ०.१ बायनरीत पूर्ण लिहिता येत नाही आणि रजिस्टर २४ बिटांचं. प्रत्येक टिकला सेकंदाच्या साधारण एक कोटीव्या भागाची चूक, एकाच दिशेने. सिस्टिम १०० तास सलग चालू होती, त्यामुळे चूक ०.३४ सेकंद झाली. तेवढ्यात स्कड अर्ध्या किलोमीटरहून पुढे जातं. रडार चुकीच्या जागी बघत राहिलं आणि २८ अमेरिकन सैनिक मेले. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर धहरानला दुसऱ्या दिवशी पोचलं.

आपल्या जवळ बघायचं तर ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने आहेत. त्यांच्या विजेचा दर दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलतो. मीटरमधलं घड्याळ वाहावत गेलं तर एका वेळेची युनिटं दुसऱ्या वेळेच्या दराने लागणार.

आणि वेळ मोजण्याचं अप्रतिम काम बघायचं तर नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. सगळ्यांचे सिग्नल फायबरवरून एका ठिकाणी येतात आणि वेळ जुळवून एकत्र केले जातात. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, तेव्हा जुळवणं काय प्रकारचं असेल बघा. तिथे पल्सारची स्पंदनं मोजतात. जून २०२३ मध्ये युरोपातल्या गटाबरोबर आपल्या 'इन्पटा' गटाने गुरुत्वीय लहरींच्या खुणा मिळाल्याचं जाहीर केलं, त्यात जीएमआरटीची निरीक्षणं होती. यामागची पद्धत आपल्या दुसऱ्या ओळीसारखीच आहे: प्रत्येक स्पंदनाला त्याचा क्रमांक, आणि अपेक्षित वेळ त्या क्रमांकावरून. मागच्या स्पंदनाच्या मोजलेल्या वेळेत भर घालून नाही. म्हणून वर्षानुवर्षं चूक साठत नाही.

होस्टेलवर करून बघायचं असेल तर रात्री १० ला बोर्ड चालू करा, नेटवर्कवर लावलेल्या मोबाईलशी जुळवा आणि सकाळी १० ला फरक लिहा. बारा तासांत एक सेकंद म्हणजे २३ पीपीएम. परत रात्री १० ला बघा. फरक तेवढाच राहिला तर जुळवताना तुमचं बटण उशिरा दाबलं गेलं, दुप्पट झाला तर ड्रिफ्ट. ज्यांना अजून बारीक हवंय त्यांनी लॅमिंग्टन रोडवरून जीपीएस मॉड्यूल आणावं. त्याची दर सेकंदाची पल्स इनपुट कॅप्चरला दिली की दोन पल्समध्ये तुमचा टायमर किती मोजतो ते सरळ दिसतं. १६ मेगाहर्ट्झला, प्रीस्केलर न लावता, १ कोटी ६० लाख यायला हवेत. सोळा बिटांत एवढे मावत नाहीत, तेव्हा ओव्हरफ्लो मोजावे लागतील आणि तो हाय-लोचा घोळ आधी निस्तरावा लागेल.

एकदा पंख्याखाली मोजा आणि एकदा गच्चीवर दुपारी. दोन्ही आकडे जर्नलमध्ये शेजारी शेजारी लिहा.