वसतिगृहांतील गरम पाणी : उष्णता-पंपाने वीजबचत

वसतिगृहांत स्नानाचे पाणी तापविणारा गिझर १ युनिट विजेतून फार तर १ युनिट उष्णता देतो. ‘हीट पंप’ अर्थात उष्णता-पंप शीतकपाटाच्याच तत्त्वावर बाहेरच्या हवेतील उष्णता शोषून पाण्यास देतो. त्यामुळे १ युनिट विजेत सुमारे ३ युनिट उष्णता मिळते. १,००० लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापविण्यास गिझरला सुमारे ३५ युनिट वीज लागते. पंपास सुमारे १२ युनिट पुरतात. कडाक्याच्या थंडीत हा लाभ काहीसा घटतो. यंत्र मोकळ्या हवेत बसवावे. टाकी उष्णतारोधक वेष्टनात ठेवावी. पंपाची किंमत गिझरहून अधिक असते. म्हणून खरेदीपूर्वी केवळ दरपत्रक न पाहता वर्षभराच्या वीजबिलाचाही हिशेब मांडणे हिताचे ठरेल.