बॅटरी नवी, स्टार्टर नवा, तरी गाडी गप्प

उत्तर मिनेसोटातल्या लेक ऑफ द वूड्सवर जानेवारीत इतका जाड बर्फ धरतो की त्यावरून पिकअप ट्रक ये-जा करतात. मासेमारीच्या खोपटांपर्यंत जायला मात्र बरेच जण स्नोमोबीलच काढतात. माझे एक शेजारी त्यांतलेच. एका हिवाळ्यात त्यांच्या गाडीचा सेल्फ लागेना. बटण दाबलं की हुडाखालून एकच ‘टक्’, पुढे काही नाही.

त्यांनी नवी बॅटरी घातली. तरी टक्. मग गाडी वर्कशॉपमध्ये गेली. तिथे स्टार्टर मोटर बदलली, हीटर लावलेल्या शेडमध्ये गाडी झटक्यात सुरू झाली आणि ते बिल चुकतं करून घरी आले. पुढच्याच फेरीत, किनारा बराच मागे पडलेला आणि पारा उणे 25 अंश सेल्सिअसच्या खाली, तेव्हा पुन्हा तोच आवाज. गाडी फोर-स्ट्रोक, ओढून सुरू करायला दोरी नाही. बरोबर मित्राची दुसरी स्नोमोबील होती, म्हणून ते सुखरूप परतले. अशा थंडीत एकटा माणूस अडकला तर हातापायांची बोटं हिमदंशाने जायला फार वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या गॅरेजात मल्टिमीटर लावला. बटण न दाबता बॅटरी 12.7 व्होल्ट दाखवत होती, म्हणजे भरलेली. बटण दाबून धरल्यावरही ती 11.8 च्या खाली उतरेना. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी थेट इंजिनच्या धातूवर टेकवून बटण दाबलं. तिथे 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. काटा पाच व्होल्टच्या पुढे गेला. इंजिनला जोडलेल्या अर्थच्या केबलचा बोल्ट उघडला, तेव्हा वॉशरखाली गंजाचा तांबडा थर आणि पांढरी भुकटी निघाली. पॉलिश पेपरने धातू चकचकीत केला, बोल्ट पुन्हा आवळला आणि गाडी सुरू झाली. एवढ्या कामाला एकही सुटा भाग लागला नाही.

शेडमध्ये चाललेली गाडी तळ्यावर का बंद पडली? स्टार्टर इंजिन फिरवताना शंभर अँपिअर किंवा त्याहूनही जास्त करंट ओढतो. वाटेतल्या एखाद्या सांध्यात ओहमच्या दोन शतांश इतका जरी रोध असला, तरी शंभर अँपिअरला तिथेच दोन व्होल्ट खर्च होतात. उबेत तेल पातळ असतं, इंजिन हलकं फिरतं, म्हणून एवढी व्होल्टेजची घट खपून जाते. थंडीत तेल घट्ट होतं, बॅटरीची ताकद घटते आणि तोच सांधा गाडी अडवतो. त्यामुळे थंडीत होणारा बिघाड थंडीतच तपासायला हवा. दुरुस्तीनंतर गाडी रात्रभर बाहेर ठेवून सकाळी सुरू करून दाखवा, असा आग्रह गिऱ्हाइकाने जरूर धरावा.

तपासाची सुरुवात कानाने करावी. काहीच आवाज नसेल तर आधी इंजिन बंद करण्याचा स्विच, अंगाला अडकवायची सुरक्षा दोरी आणि फ्यूज पाहावेत. त्यानंतर चावीचा स्विच आणि रिले. भराभर टक्टक् होत असेल तर बहुधा बॅटरी उतरलेली असते. एकच दमदार टक् आला तर केबलचे सांधे, रिलेचे जळालेले कॉन्टॅक्ट, मोटरचे झिजलेले कार्बन ब्रश यांच्याकडे वळावं. मोटर नुसती गरगरते आणि इंजिन हलत नाही, तेव्हा बेंडिक्सवरचं, म्हणजे मोटरच्या पुढे सरकणाऱ्या दातेरी चाकावरचं, जुनं ग्रीस थंडीने घट्ट झालेलं असतं किंवा त्याचे दाते इंजिनच्या रिंग गिअरमध्ये बसत नसतात. करकर आवाज आला तर लगेच थांबावं, नाहीतर रिंग गिअरचे दातेही जातात.

टू-स्ट्रोक गाडीला दोरी असेल तर एक सोपी चाचणी करता येते. स्विच बंद ठेवून दोरी सावकाश ओढावी. ती सहज आली तर इंजिन मोकळं आहे, दोष विजेच्या बाजूला शोधावा. अडली तर मोटर बदलून उपयोग नाही. स्की-डू या ब्रँडच्या ‘शॉट’ प्रणालीत तर बॅटरीऐवजी अल्ट्राकॅपॅसिटर असतो. गार गाडी आधी दोरीनेच सुरू करायची, नंतर थोड्या वेळाच्या थांब्यापुरतं बटण चालतं. अशा गाडीचं बटण सकाळी गप्प असलं तर तो बिघाड नव्हे.

बॅटरीवर शंका असेल तर आधी आकडा पाहावा. 12.6 च्या वर भरलेली, 12.2 ला जेमतेम निम्मी. सेल्फ मारताना 9.6 च्या खाली गेली तर ती थकली आहे. भरलेली बॅटरी उणे 50 लाही गोठत नाही. पूर्ण उतरलेली उणे 10 च्या आसपासच गोठते. फुगलेल्या किंवा गोठलेल्या बॅटरीला चार्जर वा जंपर केबल कदापि लावू नये, ती फुटू शकते.

स्क्रूड्रायव्हरने रिलेचे दोन बोल्ट जोडून गाडी सुरू करण्याची युक्ती अनेक जण सांगतात. ती करू नये. पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी उडते, शिवाय थ्रॉटल अडकलेला असेल तर गाडी समोरच्या माणसाच्या अंगावर जाते. सेल्फही सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये किमान अर्धा मिनिट मोटरला गार होऊ द्यावं. इंजिन गॅरेजमध्ये चालू ठेवू नये, नुसतं दार उघडं असून भागत नाही, गाडी बाहेर काढावी, कारण विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हंगाम संपताना बॅटरी काढून घरात मेंटेनर चार्जरवर ठेवावी. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. पहिल्या बर्फापूर्वी अर्थचे सगळे बोल्ट उघडून, साफ करून आवळावेत आणि मग वरून डायइलेक्ट्रिक ग्रीसचा हात फिरवावा. उंदरांनी वायर कुरतडली आहे का, तेही तेव्हाच पाहावं. फोर-स्ट्रोकमध्ये पुस्तिकेत सांगितलेल्याच ग्रेडचं तेल घालावं. बऱ्याच गाड्यांना ते 0डब्ल्यू-40 लागतं. हुडाखालच्या पिशवीत पाना, पॉलिश पेपर, जादा फ्यूज आणि छोटा मीटर असावा. आणि तळ्यावर निघताना कोणत्या वाटेने जाणार, किती वाजता परतणार, हे घरच्यांना सांगून बरोबर दुसरी गाडी घेऊनच निघावं.